डोळे मिटून उभं राहायचं होतं

देवापुढे डोळे मिटले की मी पडायला लागले, तिथून हे सगळं सुरू झालं. एका सकाळी आंघोळ करून देवघरापुढे उभी राहिले, हात जोडले, डोळे मिटले, आणि दुसऱ्या क्षणी मी समईवर. साडीभर तेल. आमचे हे धावत आले, मला उचललं, कुठे लागलं का ते पाहिलं आणि म्हणाले, "अवं, नमस्कार करून राहिली का कुस्ती?" मी चिडले. चक्कर आली असती तर मीच सांगितलं असतं. डोकं अगदी स्वच्छ होतं. फक्त डोळे मिटल्याबरोबर पायाखाली जमीन आहे की नाही, आणि असली तर कुठल्या बाजूला आहे, हेच कळेनासं झालं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी एका हाताने भिंत धरली, दुसरा हात छातीशी नेला, आणि डोळे मिटायची हिंमतच झाली नाही. बायको देवापुढे टकामका बघत उभी आहे हे यांनी पाहिलं, तशी मी समईची वात सारखी करायला लागले.

खरं सांगायचं तर मनात एक वाईट विचार येऊन बसला होता. लहानपणापासून मी देवाचं करत आले. सोवळंओवळं फार नाही, पण सकाळी दिवा लावल्याशिवाय तोंडात घास घातला नाही. आणि आता साठीला टेकल्यावर देव मला समोर उभंसुद्धा राहू देत नाही? डोळे उघडे ठेवून कामधाम करत असले की मी ठीक. बेसिनवर तोंडाला साबण लावून डोळे मिटले की कपाळ आरशावर. पहाटे अंधारात उठले की दारुड्यासारखी झोकांड्या खात संडासपर्यंत. पण देवघरातलं पडणं मनाला जेवढं लागलं तेवढं बेसिनवरचं नाही लागलं. वाटायचं, कुठेतरी आपलं चुकलं असेल आणि ही त्याची शिक्षा असेल.

नागपुरात मानेवाड्याकडे आमचं दोन मजली घर आहे. खाली आम्ही दोघं, वर माझे धाकटे दीर आणि जाऊ. मी घरीच ब्लाउज शिवते. आमच्या भागातल्या किती नवऱ्या मुलींचे लग्नाचे ब्लाउज माझ्या मशीनवरून गेलेत त्याचा हिशेब नाही. त्या मशीनला मोटर आहे, पायाने पायडल दाबायचं. तर त्या सुमारास असं व्हायला लागलं की मला वाटायचं पाय उचलला आणि मशीन धाडधाड चालतच राहायची. बाहीची शिवण पार गळ्यापर्यंत. गिऱ्हाइकाला मी सांगितलं मशीन बिघडली. मेकॅनिक आला, तेलपाणी करून गेला, म्हणाला, काकू, मशीन तर एकदम बढिया आहे. मग एकदा भाजी आणायला गेले तर मागून भाजीवालीने हाक मारली, बाई, तुमची चप्पल इथंच राहिली. मी एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा अशी रस्ता ओलांडून आले होते आणि मला पत्ताच नाही. भर उन्हाळ्यात, नागपूरच्या डांबरावर. मी हसले, तीही हसली. घरी येऊन पाय पाहिला तर तळव्याला फोड आलेला, आणि तो दुखतही नव्हता.

वर्षाने तो फोड पाहिला आणि माझं नाटक संपलं. वर्षा म्हणजे माझी धाकटी जाऊ, मौद्याकडची, शेतीवाल्या घरातली. आमच्या घरात गाडी चालवणारी तीच, भांडणारी तीच, आणि भांडण झाल्यावर आधी चहा घेऊन येणारीही तीच. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. तिचं लग्न झालं तेव्हा तिला भाकरी येत नव्हती आणि मला कुणी बहीण नव्हती, असं आमचं जमलं. तिने माझा पाय मांडीवर घेतला, फोडावर बोट दाबलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "दुखून नाही राहिलं?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "त चला मग. साडी बदला, मी गाडी काढतो." तिच्याकडच्या बाया 'करतो, जातो' असंच बोलतात, आणि त्या सुरात बोलली की वर्षापुढे कुणाचं काही चालत नाही.

धरमपेठेत एक नसांचे डॉक्टर आहेत. शांत माणूस. त्यांनी मला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. मी म्हटलं, डॉक्टर, मी पडते. ते म्हणाले, मी धरतो, मिटा. आणि मी पडलेच, सरळ त्यांच्या हातावर. मग टेबलावर झोपवून माझ्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरला, डोळे मिटायला लावले आणि विचारलं, अंगठा वर नेला की खाली? मी सांगत गेले, वर, खाली, खाली, वर. वर्षा कोपऱ्यात उभी होती. नंतर तिने मला सांगितलं, "ताई, तुमी सगळे उलटेसुलटे सांगून राहिल्या होत्या. मले वाटलं मजाक करून राहिल्या." मी मजाक करत नव्हते. मी अंदाज करत होते. स्वतःच्या पायाचा अंगठा वर आहे की खाली हे ओळखायला मला अंदाज करावा लागत होता, आणि ते समजलं तेव्हा त्या टेबलावरच मला रडू आलं.

डॉक्टरांनी छान समजावून सांगितलं. म्हणाले, तुमच्या पायात ताकद भरपूर आहे. पण पाय कुठे आहे, वाकलाय की सरळ आहे, जमिनीला टेकलाय की नाही, याची बातमी नसांमधून डोक्यापर्यंत जाते, आणि तुमच्या त्या नसा खराब झाल्यात. बातमीच येत नाही, मग तोल कशाच्या आधारावर सांभाळणार? सध्या तुम्ही डोळ्यांनी पाय सांभाळताय. डोळे मिटले किंवा अंधार झाला की तोही आधार जातो. म्हणून देवापुढे पडता, अंधारात पडता. देवाची त्यात काही चूक नाही. हे शेवटचं वाक्य ते हसत बोलले होते, पण माझ्या छातीवरचा धोंडा त्यानेच उतरला. मग रक्त तपासलं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा कागद बघत म्हणाले, बी-ट्वेल्व फारच कमी झालंय, जवळजवळ नाहीच. शुगरच्या गोळ्या बरीच वर्षं घेताय, त्यानेही कमी होतं. पण एवढं? अंडी खाता? मी म्हटलं, आम्ही माळकरी. मग दूध, दही, ताक? वर्षाच म्हणाली, "नाही जी, ताई त कोराच चहा पितात. शुगरमुळे." डॉक्टर म्हणाले, शुगरसाठी दूध कुणी बंद करायला सांगितलं? कधीपासून बंद आहे?

मी खोटं बोलू शकले असते. पण डॉक्टर आणि वकील यांच्यापुढे खोटं बोलू नये असं आमचे वडील सांगायचे. मी खाली मान घालून म्हटलं, हिचं ऑपरेशन झालं तेव्हापासून.

आता ते सांगायला हवं. बरीच वर्षं झाली, वर्षाच्या पोटात पू झाला होता. आधी गॅस समजून घरगुती उपाय झाले, मग एकदम ऑपरेशन, मग ती आयसीयूत. तेव्हा डॉक्टर लोक आमच्याशी बोलताना नजर चुकवायचे. तिचा मुलगा शाळेत जाणारा, तो माझ्याकडे झोपायचा आणि झोपेत आईला हाका मारायचा. आमच्या घरी उभ्या महालक्ष्म्या असतात. भाद्रपदात तीन दिवस ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी माहेरपणाला येतात, पितळी मुखवट्यांच्या, पत्र्याच्या उंच कोठ्यांवर उभ्या केलेल्या, साड्या नेसवलेल्या. वर्षभर मुखवटे देवघराच्या कपाटात कापडात गुंडाळलेले असतात. मी ते कपाट उघडलं, दोघींना बाहेर काढलं आणि म्हटलं, आई, ही धाकटी आमच्याकडे राहू दे. मला सगळ्यात जास्त आवडतं ते मी सोडते. माझं माहेर दुधातुपाचं. गरम पोळीवर साय आणि साखर ही माझी चैन. दूध, दही, ताक, तूप, लोणी, खवा, सगळं सोडलं. काशीला जाऊन लोक एखादी भाजी सोडतात, तीही न आवडणारी, तसलं मला करायचं नव्हतं. वर्षा बरी झाली. मी कुणाला काही बोलले नाही, कारण बोललेला नवस फळत नाही असं आमच्याकडे म्हणतात. शुगर निघाली तेव्हा तर आयतंच कारण मिळालं. महालक्ष्म्यांच्या जेवणात आंबील असते, ताकातली. प्रसाद नाकारायचा नसतो, म्हणून मी आंबिलीचं बोट कपाळाला लावायचे आणि वाटी हळूच यांच्याकडे सरकवायचे. हे दोन वाट्या पिऊन खूश.

धरमपेठेहून घरी येईपर्यंत वर्षा एक शब्द बोलली नाही. ही बाई सिग्नलला शेजारच्या गाडीवाल्याशीसुद्धा बोलते. घरापाशी गाडी थांबवली, चावी काढली, आणि तशीच स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागली. मी म्हटलं, काहून रडून राहिली वं? तर म्हणाली, "माह्यासाठी तुमी पाय घालवले ताई. मले विचारलं होतं का? मी म्हटलं होतं का, मले वाचवा आन तुमी पडा?" मी तिला समजावलं, पाय गेलेले नाहीत, डॉक्टरांनी इंजेक्शनं दिलीत, हळूहळू सुधारेल म्हणाले. पण ती ऐकेना. "आत्ताच्या आत्ता वर चला. माह्या हातचा दुधाचा चहा प्या." मी म्हटलं, इंजेक्शनमधून मिळतंय ना ते, मग दूध कशाला? देवाला दिलेला शब्द आहे वर्षा, तो मोडायचा नसतो. ती म्हणाली, बरं. तिचं 'बरं' फार वाईट असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली आली आणि माझ्यासमोर बसून कोरा चहा प्यायली. वर्षा आणि कोरा चहा. हिला साय आलेला, आलं कुटून घातलेला, उकळून उकळून लाल झालेला चहा लागतो. तोंड असं केलं होतं जसं काढा पिऊन राहिली. म्हणाली, "तुमी सुरू कराल तवाच मी सुरू करीन." आणि खरंच तिने दूध बंद केलं. दिरांनी मध्यस्थी केली, यांनी केली, दोघांनाही तिने उडवून लावलं. मला तिचा राग यायचा आणि तिच्याकडे पाहून डोळेही भरून यायचे. आम्ही दोघी समोरासमोर बसून काळं पाणी पीत असू आणि कुणीच हार मानत नसू.

इंजेक्शनं चालू होती आणि व्यायामासाठी एक फिजिओवाल्या बाई घरी यायच्या. त्यांनी घरात माझ्या चालण्याच्या वाटेवर रंगीत टेप चिकटवले. म्हणायच्या, पायाला कळत नाही तर डोळ्याला दाखवा. टेप बघा, त्यावर पाय ठेवा. पाय जरा फाकवून चाला, लाजू नका. आणि एक गोष्ट त्यांनी शिकवली ती मला फार नवलाची वाटली. मला भिंतीजवळ उभं केलं आणि म्हणाल्या, एक बोट भिंतीला टेकवा. भार द्यायचा नाही. नुसतं टेकवायचं, भिंतीला कळणारसुद्धा नाही इतकं. आता डोळे मिटा. मी घाबरत मिटले. डोललं अंग, पण पडले नाही. त्या म्हणाल्या, पायातून बातमी येत नाही ना, मग बोटातून येते. तोल सांभाळायला ताकद लागत नाही, सरळ कुठलं आणि वाकडं कुठलं एवढं शरीराला कुणीतरी सांगायला लागतं. मी मनात म्हटलं, चला, भिंतीपुढे तरी डोळे मिटता आले.

असं करत भाद्रपद आला. पहिल्या दिवशी संध्याकाळी महालक्ष्म्यांना घरात आणायचं असतं. आमच्याकडची पद्धत अशी की अंगणातल्या तुळशीपासून थोरल्या सुनेने ज्येष्ठा हातात घ्यायची, तिच्या मागे धाकटीने कनिष्ठा. दारापासून आतल्या खोलीपर्यंत कुंकवाची आणि तांदळाच्या पिठाची पावलं काढलेली असतात, त्यांवरून चालत यायचं. मागून ताट वाजवत कुणीतरी विचारतं, महालक्ष्मी कशाच्या पावली आली? आणि आम्ही म्हणतो, सोन्याच्या पावली आली, धनधान्याच्या पावली आली. सासूबाई गेल्यापासून ज्येष्ठा मीच आणते. पण हातात मुखवटा धरला की खालचं नीट दिसत नाही. आणि मुखवटा हातातून पडला तर? ज्येष्ठा उंबऱ्यात पडली, ही गोष्ट मी पुढे जन्मभर मनातून काढू शकले नसते. मी वर्षाला बोलावून सांगितलं, यंदा दोन्ही तूच आण. आधी एक, मग एक. ती म्हणाली, "दोन बहिणी अलग अलग आणतात का कधी? ज्येष्ठा तुमीच आणान. मी मागं आहे."

मग तिने जे केलं ते फक्त वर्षाच करू शकते. भाजी मंडीतून तिने लाल भोपळा आणला, सोळा भाज्यांतलाच एक, मुखवट्याएवढा, आणि रोज संध्याकाळी मला तो हातात घेऊन दारापासून आत चालायला लावलं. भोपळा पोटाशी, जरा डाव्या अंगाला धरायचा म्हणजे उजवीकडून पाय दिसतात, हे आम्ही दोघींनी मिळून शोधून काढलं. हे सोफ्यावर बसून ताट वाजवायचे आणि ओरडायचे, भोपळाबाई कशाच्या पावली आली? पहिल्यांदा मी भोपळ्यासकट दिवाणावर कोसळले तेव्हा आम्ही तिघंही पोट धरून हसलो. आवाहनाच्या दिवशी पावलंही तिनेच काढली. दरवर्षी नाजूक काढतो, यंदा एकेक पाऊल माझ्या पायाएवढं, ठसठशीत, माझ्या ढांगेच्या अंतरावर आणि चांगलं फाकवून. यांनी ते बघून विचारलं, "काहून वं वर्षा, यंदा देवी फेंगडी चालून राहिली काय?" वर्षा म्हणाली, "हाव भाऊजी. देवीचेबी पाय दुखतात कधी कधी." मी स्वयंपाकघरात होते. पदराने डोळे पुसले आणि मेथीची भाजी परतत राहिले.

संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं. तुळशीपाशी मी ज्येष्ठेला हातात घेतलं. हळदकुंकू झालं. हे पुढे निरांजनाचं ताट घेऊन, त्यांच्या मागे मी, माझ्या मागे कनिष्ठेला घेऊन वर्षा, आणि सगळ्यात मागे दीर, ताट वाजवायला. उंबरा ओलांडला. पाऊल बघायचं, पाय ठेवायचा, पाऊल बघायचं, पाय ठेवायचा. कशाच्या पावली आली, सोन्याच्या पावली आली. हॉल संपला आणि आतल्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात आम्ही शिरलो. त्या बोळाला खिडकी नाही आणि धरायला काही नाही. मी अर्ध्यात आले असेन, तेवढ्यात लाइट गेली. सजावटीच्या माळांनी इन्व्हर्टर दुपारीच बसला होता. उघड्या दारातून वारा आला आणि यांच्या ताटातलं निरांजनही विझलं. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. ताट वाजायचं थांबलं. हे पुढून म्हणाले, "थांबा, थांबा, हलू नका कोणी, काडेपेटी आणतो."

हलू नका म्हणणं सोपं होतं. अंधार झाला आणि माझे पाय गेले. गुडघ्याखाली काही उरलंच नाही, जमीन नाही, पावलं नाहीत, मी कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते तेही कळेना. अंग डोलायला लागलं. दोन्ही हात देवीला धरून, भिंतीला बोट टेकवू तर कशाने? एवढंच सुचलं की पडलेच तर पाठीवर पडायचं, म्हणजे ही माझ्या छातीवर राहील. मी तिला घट्ट कवटाळलं. आयुष्यभर मी देवाशी बोलताना काहीतरी देत आले. हे सोडते, ते करते, इतके शुक्रवार धरते. त्या क्षणी द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं, माझे पायसुद्धा माझ्याकडे नव्हते. मी एवढंच म्हटलं, आई, आता तूच बघ.

आणि पाठीला काहीतरी टेकलं. अगदी हलकं. दोन खांद्यांच्या मधोमध, थंडगार, आणि त्यात एक बारीकशी टोचणी. त्यात रेटा नव्हता, कुणी मला धरलं नव्हतं. नुसतं टेकलं आणि तिथेच राहिलं. त्या एवढ्याशा स्पर्शाने माझ्या शरीराला कळलं की मागे इथे आहे, पुढे तिथे आहे आणि सरळ हे असं आहे. डोलणं थांबलं. मी उभी राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. यांनी काडी ओढली, उजेड झाला, मला माझे पाय दिसले, आणि ते बरोबर कुंकवाच्या पावलांवर होते.

मी वळून पाहिलं. वर्षा माझ्या मागे अगदी चिकटून उभी होती आणि तिच्या हातातल्या कनिष्ठेचं कपाळ आणि नथ माझ्या पाठीला टेकली होती. टोचत होती ती नथ. मी काही बोलायच्या आत तीच घाबरून म्हणाली, "ताई, देवी लागली का तुमाले? मले अंधारात लय भेव वाटलं. कनिष्ठा हातून सुटते का काय म्हणून मी पुढं सरकली." म्हणजे तिने मला आधार दिला नव्हता. तिला माझ्या डोलण्याचा पत्ताही नव्हता. ती स्वतःच्या भीतीने पुढे सरकली होती. यावर मी काय म्हणू? मी विचार करणं सोडून दिलंय. धाकटीने थोरलीला सावरलं, एवढंच मला माहीत आहे. त्यातली कुठली धाकटी आणि कुठली थोरली, ते ज्याचं त्याने ठरवावं.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या, पुरण, कढी, आणि आंबील. रात्रभर माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. वर्षाच्या आजारपणात मी हे दिलं म्हणून देवीने ते दिलं, असा मी इतकी वर्षं हिशेब धरून बसले होते. पण बोळात तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मग तेव्हा तरी कुठे मागितलं होतं? मीच घाबरले होते आणि मीच देऊन बसले होते. तिने माझं प्रेम तेवढं ठेवून घेतलं असेल आणि दूध केव्हाच परत केलं असेल, माझ्याच लक्षात आलं नाही. नैवेद्य दाखवून झाल्यावर वर्षा वाढायला आली. माझ्या वाटीत तिने रीतसर चमचाभर आंबील घातली आणि सवयीने हे वाटी ओढायला हात पुढे करून बसले. मी वाटी उचलली आणि तोंडाला लावली. आंबट, घट्ट, आल्याची चव. एवढ्या वर्षांनी. मी वाटी पुढे केली आणि म्हटलं, अजून वाढ की वं. वर्षाने पातेलं खाली ठेवलं आणि पंगतीत, सगळ्यांसमोर, माझ्या गळ्यात पडली. माझ्या साडीला तिच्या हाताचं पुरण लागलं. हे म्हणाले, "म्हणजे आता मले एकच वाटी भेटन."

पाय पूर्वीसारखे झालेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, बरंच भरून आलंय, थोडं तसंच राहील. अंगठा वर की खाली, हे आता बहुतेक वेळा बरोबर सांगते. मशीनवर बसते, पण पायडलकडे बघत शिवते, म्हणून वेळ लागतो, आणि गिऱ्हाइकं थांबतात. चप्पल मागे पट्टा असलेली घेतली. अंधारात हात धरायला कुणीतरी लागतं, आणि आता मी ते मागते. आधी मला कुणाचा हात मागणं कमीपणाचं वाटायचं. देवाजवळ झालं तरी मी काहीतरी घेऊन जायची आणि मग मागायची, रिकाम्या हाताने गेलेलं मला चालत नसे. त्या बोळात मी पहिल्यांदा रिकामी उभी होते, आणि तेवढंच पुरलं. त्या माउलीचे उपकार मी कसे फेडणार? फेडायचे नाहीतच, हे आता मला कळलंय.

तिसऱ्या दिवशी, महालक्ष्म्यांना निरोप द्यायच्या आधी, शेवटचा नमस्कार करायला आम्ही दोघी त्यांच्यापुढे उभ्या राहिलो. मी हात जोडले आणि नेहमीसारखी उघड्या डोळ्यांनी बघत राहिले. वर्षाने तिची करंगळी माझ्या कोपराला टेकवली. भार न देता, अगदी फिजिओवाल्या बाईंनी सांगितलं होतं तशी. मी डोळे मिटले. आत अंधार होता आणि मला भीती वाटली नाही. थोड्या वेळाने शेजारून ती हळूच म्हणाली, "उभ्या आहात ताई. घाई नका करू. चहा ठेवून आली मी, दुधाचा."